हॉवर्ड पाइलचा रॉबिन हूड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या दंतकथांमधला रानात राहणारा फरारी धनुर्धर रॉबिन हूड याच्यावर पुस्तकं ढिगाने आहेत. त्यातलं एकच वाचायचं तर कुठलं, असं कुणी विचारलं की मी हॉवर्ड पाइलच्या ‘द मेरी ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’चं नाव घेते. नाव घेतलं की पाठोपाठ प्रश्न येतात. वाचणारे विचारतात, मुलांसाठी पुस्तक शोधणारे आईबाप विचारतात, फक्त सिनेमे पाहिलेलेही विचारतात. नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देते आहे. कथेचा शेवटही खाली आला आहे. तो आधी कळायला नको असेल, तर शेवटाबद्दलचा प्रश्न आणि त्याच्या खालचा तारखेचा प्रश्न सोडून पुढे जा.

हे पुस्तक नेमकं काय आहे?

हॉवर्ड पाइल (१८५३–१९११) हा अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनचा चित्रकार आणि लेखक. न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्स प्रकाशनाने १८८३ साली त्याचं हे पुस्तक काढलं. मजकूर त्याचा, चित्रं त्याची आणि पानांची वेलबुट्टीही त्याचीच. आधी एक छोटी प्रस्तावना, मग रॉबिन रानात कसा आला ते सांगणारं पूर्वकथेचं प्रकरण, मग आठ भाग आणि शेवटी उपसंहार, अशी रचना आहे. प्रत्येक भागात दोन-तीन साहसं येतात. एकेक साहस एका बैठकीत संपतं, पण सगळी मिळून एका माणसाचं अख्खं आयुष्य उभं राहतं.

पाइल रॉबिनच्या शेरवुड रानातली झाडं, नॉटिंगहॅमच्या वाटा आणि मे महिन्याची सकाळ इतक्या जवळून दाखवतो, पण पुस्तक लिहिलं तोवर त्याने इंग्लंड पाहिलेलं नव्हतं. युरोपला तो गेला तो थेट १९१० मध्ये, आणि दुसऱ्याच वर्षी फ्लॉरेन्सला वारला.

या गोष्टी त्याच्या स्वतःच्या आहेत का?

नाहीत. रॉबिन हूड आधी गाण्यांत होता. इंग्लंडात शतकानुशतकं गाऊन सांगितल्या जाणाऱ्या कथांना बॅलड म्हणतात. रॉबिनच्या अशा गाण्यांचा पहिला उल्लेख १३७७ च्या सुमाराचा आहे. विल्यम लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात एक आळशी धर्मोपदेशक कबूल करतो, की आपल्याला प्रार्थना नीट येत नाही, रॉबिन हूडची गाणी मात्र येतात. म्हणजे तेव्हाच ती सगळीकडे पसरलेली होती. पुढे १५०० च्या आसपास ‘अ गेस्ट ऑफ रॉबिन हूड’ ही ४५६ कडव्यांची लांबलचक काव्यकथा छापली गेली. अठराव्या शतकात थॉमस पर्सी आणि जोसेफ रिट्सन यांनी जुनी गाणी गोळा केली. रिट्सनचा १७९५ चा संग्रह तर सगळा रॉबिनचाच आहे आणि पाइलची कच्ची सामग्री मुख्यतः तिथली आहे.

मग पाइलने वेगळं काय केलं?

गाणी सुटी सुटी होती. एकात राजा एडवर्ड, दुसऱ्यात हेन्री, तिसऱ्यात रिचर्ड. एकात रॉबिन यॉर्कशायरमधल्या बार्न्सडेलच्या रानात, दुसऱ्यात शेरवुडला. कुठे तो देवभोळा, कुठे निव्वळ खाटीक. पाइलने या सगळ्यातून एक माणूस घडवला. अठरा वर्षांच्या पोरापासून थकलेल्या प्रौढापर्यंत तो आपल्यासमोर वाढतो. आधी भेटलेली माणसं पुढे पुन्हा भेटतात आणि एका साहसात घेतलेलं ऋण दुसऱ्यात फिटतं.

दुसरं काम मला त्याहून मोठं वाटतं. जुनी गाणी क्रूर आहेत. १४५० च्या सुमाराच्या हस्तलिखितात ‘रॉबिन हूड अँड द मंक’ नावाचं गाणं आहे. त्यात रॉबिनचा साथीदार लिटल जॉन एका मठवाशाला मारतो, आणि बरोबरचा लहान सेवक पोरगा बोलेल म्हणून त्यालाही तिथेच संपवलं जातं. रॉबिनचा शत्रू गाय ऑफ गिस्बोर्न याच्यावरच्या गाण्यात रॉबिन त्या शत्रूचं मुंडकं कापून धनुष्याच्या टोकाला खोचतो आणि ओळखू येऊ नये म्हणून सुरीने त्याचा चेहरा चिरतो. हे सगळं पाइलने गाळलं. पण एवढ्यावर थांबला असता तर पुस्तक गुळचट झालं असतं. जिथे मरण ठेवलं तिथे त्याने त्याला वजन दिलं. माझ्या मते पुस्तक आजवर टिकलंय ते यामुळे.

ते वजन कसं दिलंय, उदाहरण सांगाल?

पूर्वकथेचं प्रकरण घ्या. एका जुन्या गाण्यात कोवळा रॉबिन नॉटिंगहॅमच्या वाटेवर पंधरा वनरक्षकांशी वीस मार्कांची पैज लावतो आणि हरीण टिपून जिंकतो. ते पैसे द्यायला नकार देतात. तो पंधराच्या पंधरा जणांना मारतो. नंतर पकडायला आलेल्या गावकऱ्यांचे हातपाय तोडतो. गाण्याचा सूर मजेचा आहे.

पाइलने प्रसंग तोच ठेवलाय. मे महिना आहे, रॉबिन नेमबाजीच्या स्पर्धेला निघालाय, ओकच्या झाडाखाली पंधरा वनरक्षक हरणाच्या मांसाची पेस्टी खात, एल नावाची बिअर पीत बसलेत. त्यातला एक तोंडात घास असतानाच त्याच्या धनुष्याची टिंगल करतो. हे त्या वयाच्या पोराला झोंबतं आणि पैज लागते. रॉबिन हरीण पाडतो. मघाचाच माणूस चवताळून उठतो, पैसे तर देत नाहीच, वर राजाचं हरीण मारल्याचा गुन्हा त्याच्या माथी मारतो. रॉबिन काही न बोलता पाठ फिरवून चालू लागतो. दारू चढलेला तो वनरक्षक मागून बाण सोडतो. बाण डोक्याजवळून सूं करत जातो. रॉबिन गर्रकन वळतो आणि उलटा बाण मारतो. माणूस तोंडावर पडतो, त्याच्या भात्यातले बाण आजूबाजूला खडखडत विखुरतात.

पंधराऐवजी एक. आणि त्या एकाचं ओझं रॉबिन जन्मभर वागवतो. पळताना त्याच्या मनात येतं, की हे घडण्याआधी माझं बोट तुटून पडलं असतं तरी बरं झालं असतं. आठव्या भागात तो गाय ऑफ गिस्बोर्नला मारतो तेव्हा म्हणतो, की त्या वनरक्षकानंतर मी मारलेला हा पहिलाच माणूस. या दोन मरणांच्या मध्ये सगळं पुस्तक हसण्याखिदळण्याने भरलेलं आहे. ते हसू खरं वाटतं, कारण या माणसाने काय गमावलंय ते आपल्याला ठाऊक असतं.

एक हरीण मारलं तर एवढं काय बिघडलं?

फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मन राजांनी तिथल्या मोठ्या भूभागाला ‘राजाचं रान’ ठरवून तिथे वेगळा कायदा लावला होता. त्या हद्दीत झाडं फक्त नव्हती, गावं आणि शेतंही होती. तिथलं हरीण राजाचं, आणि ते मारणाऱ्याला डोळे काढण्यासारख्या शिक्षा सांगितलेल्या होत्या. दुसऱ्या हेन्रीने ११८४ मध्ये हा कायदा आणखी पक्का केला. १२१७ च्या वनसनदेत शेवटी मान्य झालं, की हरणासाठी कुणाचा जीव किंवा अवयव जाणार नाही. आणि ज्याला कायद्याच्या बाहेर टाकलं, त्याला संरक्षणच उरत नसे. अशा माणसाला ‘लांडग्याचं डोकं’ म्हणत, कारण लांडग्यासारखं कुणीही त्याला मारावं.

म्हणूनच रॉबिनच्या टोळीत कोण येतं ते पाइल आवर्जून सांगतो. कुणी हिवाळ्यात उपासमार होऊन हरीण मारलेलं, कुणाचं शेत राजाच्या रानात गेलेलं, कुणाला जमीनदाराने किंवा मठाधिपतीने नागवलेलं.

श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणारा तो हाच ना?

हाच, पण जुन्या गाण्यांत हे इतकं ठळक नाही. ‘गेस्ट’मध्ये रॉबिन साथीदारांना बजावतो, की नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याला हात लावायचा नाही, भल्या सरदारालाही नाही, मात्र बिशपांना धरून बडवायचं आणि नॉटिंगहॅमच्या शेरीफला, म्हणजे तिथल्या राजाच्या अधिकाऱ्याला, विसरायचं नाही. काव्याच्या शेवटी ‘त्याने गरिबांचं भलं केलं’ एवढंच येतं. लूट वाटण्याची कल्पना पुढच्या काळात फुगत गेली. पाइलकडे ती शपथ म्हणून येते: लुबाडणाऱ्यांना लुबाडू, अडलेल्याला मदत करू, बाईमाणसाला आणि मुलांना कधीही दुखवणार नाही.

ही शपथ प्रत्यक्षात कशी दिसते ते पाहायचं तर पाचवा भाग वाचा. सर रिचर्ड नावाचा खचलेला सरदार वाटेत सापडतो. रॉबिन त्याला जेवायला नेतो आणि रिवाजाप्रमाणे जेवणाचे पैसे मागतो. सरदार म्हणतो, माझ्यापाशी दहा शिलिंग आहेत. खिसा तपासला तर खरोखरच तेवढेच निघतात. मुलाला सोडवण्यासाठी त्याने एका मठाधिपतीकडे गढी गहाण टाकलेली असते आणि कर्ज ४०० पौंडांचं असतं. त्याच दिवशी हेरफर्डचा गब्बर बिशपही रानात ‘पाहुणा’ म्हणून आणलेला असतो. पुढे काय होतं ते मी सांगत नाही. सावकारापुढे हात जोडून मुदत मागणारा माणूस मराठी वाचकाला नवा नाही. मठाच्या दिवाणखान्यातला तो प्रसंग वाचताना पोटात कालवतं.

नायक असून रॉबिन इतक्या वेळा मार कसा खातो?

अरुंद पुलावर लिटल जॉन त्याला काठीने पाण्यात पाडतो. विल स्कार्लेट लोळवतो. फ्रायर टक नावाचा भिक्षू पाठीवरून ओढा पार करता करता मध्येच धबकन टाकून देतो. पिठाच्या चक्कीवाल्याचा मुलगा मिज सगळ्यांच्या डोळ्यांत पीठ उधळून काठी चालवतो. हे जुन्या गाण्यांतूनच आलंय, पण पाइलने त्याचा स्वभावच बनवला. रॉबिन हरला की आधी हसतो आणि मग हरवणाऱ्यालाच म्हणतो, चल, माझ्यासोबत राहा. त्याची टोळी अशी उभी राहते.

लहान मुलांना हे फार आवडतं, हे मी वाचून दाखवताना पाहिलंय. पाण्यात पडलेला रॉबिन नाकातोंडात पाणी जाऊनही खदखदा हसतो, त्या जागी मुलंही हमखास हसतात.

रॉबिनची प्रेयसी मॅरियन कुठे आहे?

जवळजवळ नाहीच. नावाचा उल्लेख येतो, पूर्वकथेत रॉबिन तिचा विचार करत चाललेला असतो, पण पात्र म्हणून ती पानांवर येत नाही. सिनेमा पाहून आलेल्यांना याचा धक्का बसतो. आपल्याला माहीत असलेल्या सगळ्यात जुन्या गाण्यांतही ती नाही. रॉबिन आणि मॅरियन ही मेंढपाळांची जोडी फ्रान्समधल्या गीतनाट्यातली, आणि मे महिन्यातल्या गावजत्रांच्या खेळांतून ती या दंतकथेत शिरली असं अभ्यासक मानतात. तरीही मला वाटतं, पाइलने तिला उभं करायला हवं होतं. ज्याला माणसं रंगवण्याची इतकी हौस, त्याच्या शेरवुडमध्ये लक्षात राहणाऱ्या बायका दोन-तीनच निघाव्यात, ही या पुस्तकातली खरी उणीव आहे. राणी एलिनॉर मात्र झकास उतरलीय. लंडनच्या फिन्सबरी मैदानातली तिची पैज सातव्या भागात आहे.

रॉबिन हूड खरोखर होऊन गेला का?

नक्की सांगता येईल असा एकही माणूस सापडलेला नाही. १२२५ च्या यॉर्कच्या न्यायालयीन नोंदीत रॉबर्ट हॉड नावाचा फरारी आहे. १२६२ मध्ये एका फरारी विल्यमला कारकुनाने ‘रॉबहॉड’ आडनाव लावलेलं दिसतं. म्हणजे तोवर हे नाव फरारी गुन्हेगाराला चिकटू लागलेलं असावं. रिचर्ड राजाच्या काळाशी त्याला जोडलं जॉन मेजर या स्कॉटिश इतिहासकाराने, १५२१ मध्ये. तो हंटिंग्टनचा अर्ल, म्हणजे मोठा सरदार, होता ही कल्पना १५९८ च्या अँथनी मंडेच्या नाटकांमधली. आधीपासून राहणारे सॅक्सन विरुद्ध जिंकून आलेले नॉर्मन हे भांडण वॉल्टर स्कॉटने १८१९ च्या ‘आयव्हॅनहो’मध्ये रंगवलं. पाइलने अर्लपद घेतलं, पण जन्मसिद्ध हक्क म्हणून नाही. त्याचा रॉबिन साधा माणूस आहे आणि ते पद त्याला रिचर्ड राजा शेवटी देतो. वंशाच्या भांडणात पाइलला रस नव्हता, आणि ते बरंच झालं.

चित्रांबद्दल इतकं का बोललं जातं?

कारण ती मजकुराला जोडलेली शोभा नाहीत. काळ्या शाईच्या रेघांची ही चित्रं जर्मन चित्रकार ड्यूररच्या लाकडी ठशांची आठवण देतात. भोवती पानाफुलांची चौकट, खाली जुन्या वळणाची अक्षरं. पुस्तक उघडल्यापासून मिटेपर्यंत एकाच हाताखालून गेलेलं आहे, हे जाणवतं. पाइल पुढे मोठा शिक्षक झाला. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल इन्स्टिट्यूटमध्ये त्याने १८९४ पासून शिकवलं आणि नंतर विल्मिंग्टनला स्वतःची शाळा काढली. एन. सी. वायथ आणि जेसी विलकॉक्स स्मिथ हे नावाजलेले चित्रकार त्याचेच विद्यार्थी.

इंग्रजी फार जुनं आहे म्हणतात. झेपेल का?

पहिली वीस पानं अडखळायला होतं. ‘दाऊ’, ‘दी’, ‘हॅथ’ अशी रूपं पानोपानी आहेत आणि पात्रं एकमेकांना शिव्याही ठसक्यात देतात. पाइलने मुद्दाम जुना बाज घडवलाय, तो कुठल्याही एका शतकाची बोली नाही. उपाय एकच: मोठ्याने वाचा. वाक्यांना लय आहे, ती कानाला कळली की अर्थ मागोमाग येतो. शब्दकोश घेऊन बसू नका. काठ्यांची, कपड्यांची, खाण्याची नावं संदर्भाने कळतात, नाही कळली तरी गोष्ट अडत नाही.

मराठी माध्यमातून शिकलेल्या वाचकाने आधी चौथा भाग वाचून बघावा. गाणारा ॲलन-अ-डेल, फ्रायर टक आणि एक मोडलेलं लग्न अशी तीन प्रकरणं एकात एक गुंतलेली आहेत आणि वेग चांगला आहे.

कितव्या वर्षी मुलांच्या हाती द्यावं?

वाचून दाखवणार असाल तर आठ-नऊ वर्षांपासून. स्वतः वाचायचं तर इंग्रजीच्या तयारीप्रमाणे बारा-तेरा. मारामारी भरपूर आहे, पण ती बहुतेक काठ्यांची. एल सगळेजण पाण्यासारखी पितात. त्या काळी ती जेवणाचाच भाग होती, एवढं सांगितलं की पुरतं. पूर्वकथेतला खून मात्र गाळू नका. तो गाळला तर उरलेलं पुस्तक नुसता खेळ होऊन बसतं.

शेवट फार दुःखद आहे का? वाचावा का?

दुःखद आहे आणि वाचावा. पाइल स्वतः तिथे थांबून वाचकाशी बोलतो. इथून पुढे सगळं विखुरत जाणार आहे, तुला नको असेल तर इथेच निरोप घेऊ, असं तो सांगतो. लहान वाचकाला इतक्या मानाने वागवणारा लेखक विरळा.

रिचर्ड वारतो, त्याचा भाऊ जॉन राजा होतो. रॉबिनला दरबार सोसत नाही आणि तो रानात परततो. लढाई होते, शेरीफ मरतो. त्या रक्तपाताने रॉबिनचं मन आतून पोखरलं जातं, ताप भरतो. त्या काळचा उपाय म्हणजे शीर कापून रक्त काढणं, म्हणून तो कर्कलीजच्या मठात आपल्या चुलत बहिणीकडे जातो. ती तिथली मुख्य जोगीण. राजाच्या रोषाच्या भीतीने ती भलतीच शीर कापते आणि बाहेरून दार लावून घेते. लिटल जॉन दार फोडून आत येतो तोवर उशीर झालेला असतो. तो मठ जाळायला उठतो. रॉबिन त्याला अडवतो, कारण बाईला न दुखवण्याची शपथ पहिल्या प्रकरणातली आहे आणि ती आज मोडायची नाही. बाण पडेल तिथे मला पुरा, हे गाण्यांतूनच आलेलं आहे. पाइलचं मोठेपण त्या शपथेची आठवण इथे आणण्यात आहे.

शेवटी छापलेल्या कबरीवरच्या लेखातली तारीख खरी आहे का?

नाही. त्यात १२४७ सालच्या डिसेंबरच्या ‘कॅलेंड्स’चा चोविसावा दिवस दिलाय. रोमन पद्धतीत महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मागे मोजतात आणि डिसेंबरसाठी ती मोजणी अठराच्या पुढे जात नाही. म्हणजे हा दिवसच अस्तित्वात नाही. शिवाय पाइलची गोष्ट ज्याच्या काळात सुरू होते तो दुसरा हेन्री ११८९ मध्ये वारला. त्याच्या काळात अठरा वर्षांचा असलेला रॉबिन १२४७ ला किमान शहात्तरीचा हवा, आणि पाइलचा रॉबिन तर जॉनच्या राज्यात मरतो. हा लेख बराच नंतर रचला गेला. पाइलने तो जुना मजकूर म्हणून तसाच ठेवला आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. प्रस्तावनेतच त्याने सांगून टाकलंय, की हा देश कल्पनेचा आहे.

शेरवुड आज पाहता येतं का?

हो. नॉटिंगहॅमशायरमध्ये एडविनस्टो गावाजवळ संरक्षित वनक्षेत्र आहे. तिथला मेजर ओक हा शेकडो वर्षांचा प्रचंड वृक्ष पाहायला लोक जातात, त्याच्या फांद्यांना टेकू दिलेले आहेत. जुनं रान याच्या कितीतरी पट मोठं होतं.

आपल्याकडे टंट्या भिल्लाला रॉबिन हूड म्हणतात ते योग्य आहे का?

निमाड आणि खानदेशाच्या पट्ट्यात टंट्याच्या कथा आजही सांगतात आणि सावकारांना लुटून गरिबांना देणारा म्हणून ही तुलना होते. फरक लक्षात ठेवावा. टंट्या इतिहासातला माणूस आहे, १८८९ च्या डिसेंबरमध्ये इंग्रज सरकारने त्याला जबलपूरला फाशी दिली. त्याच्या कथेत खऱ्या माणसांचं खरं रक्त आहे. नाव उसनं घेण्यापेक्षा त्याची कथा त्याच्या नावाने सांगितली गेली तर मला जास्त आवडेल.

पुस्तक कुठे मिळेल? कुठली आवृत्ती घ्यावी?

पाइलला जाऊन शंभर वर्षं उलटली, त्यामुळे पुस्तक स्वामित्वहक्कातून मुक्त आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर पूर्ण मजकूर मोफत वाचता येतो, लिब्रिव्हॉक्सवर ऐकताही येतो. छापील प्रत घेताना तीन गोष्टी बघा: चित्रं पाइलचीच आहेत का, अनुक्रमणिकेत पूर्वकथा आणि उपसंहार दोन्ही आहेत का, आणि मुखपृष्ठावर कुठे ‘संक्षिप्त’ लिहिलंय का. स्वस्तातल्या प्रतींमध्ये चित्रांच्या बारीक रेघा कधी कधी काळ्या डागांसारख्या उमटतात, म्हणून दुकानात एखादं चित्राचं पान उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.